कोरड्या हवेत गोव्याचे कुत्रे : ओसियांच्या वाळूतले एक प्रकरण

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डिचोलीहून निघालेली एक गाडी. आत नवरा-बायको, बायकोचा धाकटा भाऊ आणि दोन कुत्रे. मुक्काम जोधपूरच्या उत्तरेला सुमारे ६५ किमीवरच्या ओसियां परिसरात, एका ढाणीवर, म्हणजे शेतातल्या घरवस्तीवर. वाळूत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला दोन्ही कुत्रे काही मिनिटांच्या अंतराने बसले आणि उठेनात. ऊन प्रखर नव्हते. थर्मामीटर २२ अंश दाखवत होता, म्हणजे डिसेंबरातल्या डिचोलीच्या पहाटेइतकी हवा. कुत्रे धापा टाकत नव्हते, जीभ लोंबत नव्हती, लाळ गळत नव्हती.

अशा सहलींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका प्रकरणात गुंफल्या आहेत. कुत्र्यांची नावेही त्यामुळे मानलेलीच. ब्रूनो हा सहा वर्षांचा लॅब्राडॉर आणि राणी ही तीन वर्षांची गावठी कुत्री, आखूड केसांची, सडपातळ. दोन्ही गोव्यात वाढलेली, पाऊस आणि दमट हवा अंगवळणी पडलेली.

आमचे म्हणणे एवढेच आहे : गोव्यात कुत्रा पाळताना त्याच्याकडे बघून ज्या खुणा आपण ओळखायला शिकतो, त्यातल्या बहुतेक खुणा दमट हवेच्या असतात. कुत्रा धापा टाकतो म्हणजे तापला, लाळ गाळतो म्हणजे तहानला. कोरड्या मुलखात या खुणा उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत. मालक मात्र त्यांचीच वाट बघत बसतो.

सम सोडून ओसियां का

मूळ बेत जैसलमेरचा होता. समचे वाळूचे टेकाड, उंट, तंबू, शेकोटी. पण सम आणि खुरी हा सगळा पट्टा मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. १९८० साली स्थापन झालेले हे उद्यान जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किमीवर पसरले आहे. आत गावे आहेत, शेते आहेत, आणि सगळीकडे कुंपणही नाही. पाहुण्याला हद्द कुठे सुरू झाली हे कळत नाही. आपण ज्याला माळढोक म्हणतो आणि तिथे गोडावण म्हणतात, त्या पक्ष्याचा हा उरलासुरला मोठा आसरा. हा पक्षी उघड्या जमिनीवर, बहुतेक वेळा एकच अंडे घालतो. मोकळे कुत्रे हा त्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना असलेल्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. पाळीव कुत्रा साखळीला असला तरी त्याच्या वासाने, भुंकण्याने पक्षी उठतो. अशा जागी कुत्रे न नेणे हाच एक योग्य निर्णय आहे, आणि तो या कुटुंबाने घरातच, निघण्याआधी घेतला.

ओसियांच्या बाजूलाही जबाबदारी संपत नाही. जोधपूरच्या आसपास वन्यप्राणी जपणाऱ्या बिश्नोई समाजाची गावे आहेत आणि त्यांच्या शेतांतून चिंकारा निर्धास्त फिरतो. कुत्र्यांनी दूरवर पळवलेला चिंकारा दात लागले नाहीत तरी स्नायू आणि हृदयावरच्या ताणाने नंतर मरू शकतो. गावकरी हे खपवून घेणार नाहीत आणि घेऊही नये. म्हणून पाच मीटरची साखळी पूर्ण वेळ, छातीच्या हार्नेसला. गळपट्ट्याला बांधलेली साखळी चिंकारा दिसताच कुत्र्याने झेप घेतली की मानेला हिसका देते. लांबी आपोआप वाढणाऱ्या दोरीच्या डब्या घरीच ठेवाव्यात. त्यांच्या यंत्रात वाळू गेली की कुलूप लागत नाही, नेमके नको तेव्हा.

निघण्यापूर्वीचे सहा आठवडे

सर्वांत महत्त्वाचे काम रक्त तपासणीचे होते. गोव्यात गोचीड बारा महिने असते. गोचिडीतून अंगात जाणारा एर्लिकिया हा जिवाणू अनेक कुत्र्यांत महिनोन्‌महिने लपून राहतो. कुत्रा खातो, खेळतो, फक्त रक्त गोठवायला लागणाऱ्या प्लेटलेट कमी असतात. निरोगी कुत्र्यात त्या रक्ताच्या दर मायक्रोलिटरला साधारण दोन ते पाच लाख. लपलेला आजार प्रवासाच्या ताणाने उसळला तर नाकातून रक्त येणे, ताप, अशक्तपणा ही लक्षणे वाळूच्या मधोमध सुरू होतात, जिथून पशुवैद्य तासाभराच्या अंतरावर असतो. राणीच्या प्लेटलेट ९० हजार निघाल्या. पशुवैद्याने डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा पूर्ण कोर्स दिला. सहा आठवडे आधी तपासल्यामुळेच कोर्स संपवून, पुन्हा रक्त बघून निघणे शक्य झाले. दोन आठवडे आधी तपासणाऱ्याला एकतर सहल रद्द करावी लागते किंवा अर्धवट बरा झालेला कुत्रा गाडीत घालावा लागतो.

रेबीजची लस चालू मुदतीत असली तरी तारीख तपासून घ्यावी. गोवा २०२१ साली देशातले पहिले ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झाले. त्यामुळे इथला मालक लसीबाबत थोडा सैल पडण्याची भीती असते. गोव्याची सीमा ओलांडली की तो दिलासा मागेच राहतो. वाटेत भटक्या कुत्र्याने चावा घेतलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची, लस चालू असलेल्या कुत्र्यालाही लगेच पुन्हा लस टोचून घ्यायची आणि परतल्यावर ४५ दिवस नजर ठेवायची. कागदांत लसीकरणाची नोंदवही आणि पशुवैद्याचा प्रवासयोग्यतेचा दाखला. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्यांसाठी तो सांगितलेला आहे, रस्त्याने जाताना कोणी मागो न मागो.

ब्रूनोचे वजन ३३ किलो होते. सहा आठवड्यांत भाताचे प्रमाण कमी करून ते ३१ वर आणले. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या मानाने दुप्पटीच्या आसपास शक्ती लागते, आणि जादा वजनाचा भार आधी खांद्यांवर व मागच्या गुडघ्यांवर येतो.

इथे गोवेकरांचा एक गैरसमज असतो : आमचा कुत्रा रोज समुद्रावर धावतो, त्याला वाळूची सवय आहे. ती सवय ओल्या वाळूची असते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली वाळू पाण्याने घट्ट बसलेली असते, तिच्यावर धावणे जवळपास मैदानावर धावण्यासारखेच. सराव करायचा तर भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत करावा. आठवड्यातून तीन वेळा, पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून पंचेचाळीसपर्यंत. या कुटुंबाने पेडण्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर हा सराव केला. मोरजी आणि मांद्रे टाळले हे चांगले केले, कारण नोव्हेंबरपासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि कुत्रे ती उकरतात.

बूट घेतले होते, पण दोन प्रकारचे. एक कापडी, तळाला रबर. दुसरे पातळ रबराचे, फुग्यासारखे पायावर चढणारे. घरी रोज दहा मिनिटे घालून सवय केली. ब्रूनोने दोन्ही स्वीकारले, राणीने फक्त रबरी. हा फरक पुढे कामी यायला हवा होता.

गाडी, पाणी, खाणे

चोर्ला घाटाने बेळगाव, तिथून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने पुणे, सुरत, अहमदाबाद, मग पालनपूर, सिरोही, पाली, जोधपूर. एकूण साधारण १,६५० किमी. चार दिवस घेतले आणि दिवसाला आठ तासांवर गाडी चालवली नाही. दर दोन-अडीच तासांनी वीस मिनिटे थांबा. मागच्या सीटवर हार्नेस पट्ट्याला अडकवलेला. घाटाआधी चार तास खाणे बंद, नाहीतर चोर्ल्याच्या वळणांवर ओकारी ठरलेलीच. ढाब्यावर जेवताना एक माणूस कायम कुत्र्यांजवळ राहिला. बाहेर २२ अंश असतानाही उन्हातल्या बंद गाडीचे तापमान तासाभरात वीस-बावीस अंशांनी चढते, आणि त्यातली बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासात होते. काच चार बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

पाण्याचा हिशेब असा. आरामात असलेल्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी लागते. ब्रूनोला साधारण १.७ लिटर, १५ किलोच्या राणीला ८०० मिली. कोरड्या हवेत चालण्याच्या दिवशी हे अडीचपट धरावे, म्हणजे दोघांना मिळून सव्वासहा लिटर. शिवाय जखम धुवायला किंवा कुत्रा तापलाच तर अंगावर ओतायला दहा लिटर वेगळे, त्याला हात लावायचा नाही. वीस-वीस लिटरचे दोन कॅन जोधपूरला भरून घेतले. थरमधल्या कित्येक विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी खारट असते, फ्लोराइडही जास्त असते. सवय नसलेल्या पोटाला त्याने ढाळ लागतात, आणि ढाळ म्हणजे पाण्याची आणखी तूट. ढाणीवरच्या टाक्यात साठवलेले पावसाचे पाणी गोडे असते, पण ते त्या घराचे वर्षभराचे पिण्याचे पाणी आहे. तिथे कुत्र्याचे तोंड जाऊ द्यायचे नाही, आणि स्वतःहूनही मागायचे नाही.

खाण्यात एक चूक घरूनच निघाली. ब्रूनोला चालताना आवडीचा तुकडा म्हणून सुक्या बांगड्याचे तुकडे डब्यात भरले होते. गोव्यातल्या घराघरात कुत्र्याला मासळी मिळते आणि ताजी, उकडलेली, काटे काढलेली मासळी चांगलीच आहे. सुकी मासळी मात्र मिठात मुरलेली असते. ते मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना पाणी खर्च करावे लागते. वाळूत जाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात मीठ नको.

पहिली रात्र

पोचल्या दिवशी संध्याकाळी चाळीस मिनिटे फेरी झाली, काही बिघडले नाही. सूर्य मावळल्यावर तापमान झपाट्याने उतरले. कोरड्या हवेत आणि निरभ्र आभाळाखाली वाळू आपली उष्णता झटकन गमावते. पहाटे तंबूबाहेर ७ अंश होते. गोव्यातल्या कुत्र्याने १५ अंशांखालची रात्र क्वचितच पाहिलेली असते.

राणी रात्रभर थरथरत होती. नवी जागा, उंटांचा वास, लांबून येणारे कोल्ह्याचे ओरडणे यांनी ती घाबरली असावी असे घरच्यांनी मानले आणि थोपटत राहिले. तिचे कान आणि पंजे हाताला थंडगार लागत होते. ही थंडीची खूण. अंग गुंडाळून शेपटीत नाक खुपसणे, उठवले की पुन्हा गोळा होऊन बसणे, हीसुद्धा. भीतीने थरथरणारा कुत्रा कान मागे पाडून इकडेतिकडे बघतो, एका जागी आवळून झोपत नाही.

अंगावर लोकरीची घोंगडी टाकली होती, पण खाली फक्त तंबूचे कापड. पोटाकडचे केस विरळ आणि तिथून सगळी ऊब जमिनीत. वरच्या पांघरुणापेक्षा खाली फोमची जाड चटई महत्त्वाची, निदान दहा मिलिमीटरची. दुसरे, थंडीत रात्रभर कापणारे अंग इंधन जाळते. संध्याकाळचे जेवण चतुर्थांशाने वाढवायला हवे होते. आणि तिसरी गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही : बाहेर ठेवलेल्या भांड्यातले पाणी पहाटे बर्फासारखे गार झाले होते. दोघांनीही ते हुंगून सोडून दिले. दोन्ही कुत्रे रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत पाण्याविना राहिले आणि तसेच चालायला निघाले.

दुसरी सकाळ

आठ वाजता निघाले. बेत सहा किमीचा, चार माणसांच्या चालीने तीन तासांचा. सोबत ढाणीचे वयस्क मालक वाट दाखवायला. पाठपिशवीत दोन लिटर पाणी, दोन्ही कुत्र्यांसाठी मिळून. हवा गार, म्हणून बूट गाडीतच. नऊला आणि दहाला पाणी दाखवले, ब्रूनोने चार-सहा वेळा जीभ लावली, राणीने तोंड फिरवले. “तहान नाही त्यांना,” असा अर्थ लावला गेला.

दहानंतर ब्रूनो मागे पडू लागला. दर उतारावर थांबे, चढावर माणसाकडे बघे. पावणेअकराला खेजडीच्या झाडाच्या सावलीत आडवा झाला. त्याच सुमारास राणी पुढचा उजवा पाय उचलून तीन पायांवर लंगडत आली आणि बसली.

मेव्हण्याने बाटली उघडली. “भावजी, ऊन लागलंय याला. अंगावर पाणी ओता!”

“थांब रे,” बहीण म्हणाली. “आधी ताप बघ.”

या एका वाक्याने पुढचे बरेच निभावले. डिजिटल थर्मामीटर खोबरेल तेल लावून गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर घातला. ३९.३ अंश. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२, चालून आलेल्या कुत्र्याचे ४० पर्यंत जाऊन सावलीत दहा-पंधरा मिनिटांत उतरू लागणे स्वाभाविक. उष्माघातात आकडा ४०.५ च्या वर, बहुधा ४१ च्याही पुढे असतो, आणि सोबत झोकांड्या, ओकारी, भान हरपणे. तसे असते तर जवळचे सगळे पाणी तिथल्या तिथे अंगावर ओतून, वारा घालून, तापमान ३९.५ पर्यंत उतरवून मगच गाडीकडे न्यायचे असते. आधी थंड करणे, नंतर वाहून नेणे. ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा नाही, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो.

ब्रूनोला उष्माघात नव्हता. त्याच्यावर ते दोन लिटर ओतले असते तर कोरड्या वाऱ्यात भिजलेले अंग गारठले असते आणि ज्या पाण्याची त्याला पोटात गरज होती तेच वाळूत गेले असते.

हिरड्यांवर बोट फिरवले तर त्या चिकट लागल्या. हिरडी दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला दोन सेकंदांहून कमी वेळ लागायला हवा; इथे पुरते दोन लागले. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडली तर ती लगेच बसली नाही, हळूहळू सरकत गेली. मघाशी केलेली लघवी गर्द पिवळी होती, हे तेव्हा आठवले. गाडीत न्हाणीघरातला साधा वजनकाटा आणि एक प्लायवूडची फळी होती. दुपारी माणसाने कुत्र्याला उचलून आणि मग एकट्याने उभे राहून वजन केले, तेव्हा ब्रूनो २९.६ किलो भरला. आदल्या दिवशी सकाळी जोधपूरला तो ३१ होता. दीड दिवसात झालेली अशी घट जवळपास सगळी पाण्याची असते, आणि एक किलो म्हणजे एक लिटर. साडेचार टक्के.

हे झाले कसे, याचे उत्तर हवेत आहे. कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांना येतो. चालताना उष्णता टाकायची ती बरीचशी नाक-तोंडातल्या ओलाव्याची वाफ करून. २२ अंशांच्या हवेत आर्द्रता ८५ टक्के असेल, म्हणजे डिचोलीची पहाट, तर दर घनमीटर हवेत सुमारे १६ ग्रॅम बाष्प असते. ३० टक्के असेल तर सहा ग्रॅमच्या आत. कुत्रा आत घेतो ती हवा नाकातच ओली करून फुप्फुसात पाठवतो आणि ओलीच बाहेर सोडतो. कोरड्या हवेत प्रत्येक श्वासाला जास्त पाणी खर्च होते, आणि वाफ सहज होत असल्यामुळे अंग तापत नाही. म्हणून धापा नाहीत, लाळ नाही, जीभ लोंबणे नाही. गोव्यात जे दिसले की आपण भांडे पुढे करतो, ते इथे घडलेच नाही. त्यात बारा तासांचा कोरडा उपास आणि सकाळी खाल्लेले सुक्या बांगड्याचे तुकडे.

राणीचा पाय ढाणीच्या मालकांनी बघितला. घरच्यांनी गाद्या तपासल्या होत्या, त्या स्वच्छ होत्या. मालकांनी पंजा उलटा केला, दोन बोटे फाकवली आणि गाद्यांमधल्या खोबणीत, केसांच्या आत बसलेली गोष्ट दाखवली. भुरटाचे बोंड. मिरीच्या दाण्याएवढे, फिकट तपकिरी, चोहोबाजूंनी सुईसारखे काटे. प्रत्येक काट्यावर उलट्या दिशेचे सूक्ष्म दाते असतात. शिरतो सहज, ओढला की कातडी धरून ठेवतो. एका पंजात सात बोंडे निघाली, दुसऱ्यात चार, काखेच्या मऊ कातडीत तीन. राणी चालता चालता पंजा चाटत होती, म्हणून तोंडही उघडून पाहिले; जिभेच्या कडेला एक काटा मोडलेला.

भुरट हे पावसावर उगवणारे गवत, दाणे पावसाळ्यानंतर पिकतात आणि हिवाळाभर वाळूवर पडून राहतात. म्हणजे गोव्यातून जाणाऱ्यांचा जो सुखाचा हंगाम, तोच काट्यांचा. बूट गरम वाळूसाठी असतात असे मानून ते गाडीत ठेवले गेले, आणि ज्या कामासाठी ते खरे हवे होते ते काम निसटले. कापडी बूट मात्र इथे उपयोगाचे नव्हतेच. विणलेल्या कापडाला बोंडे चिकटतात आणि आतल्या बाजूने टोचत राहतात. गुळगुळीत रबरावर ती टिकत नाहीत. लोकरीची घोंगडी जमिनीवर अंथरली की तिचेही तेच होते.

बोंड बोटांनी ओढायचे नाही. ते आपल्याच बोटात शिरते आणि काटा कुत्र्याच्या कातडीत मोडतो. केसांना खोबरेल तेल चोळून केस निसरडे करायचे, बोंडाच्या मुळाशी बारीक टोकाचा चिमटा नेऊन काटा ज्या दिशेने शिरला त्याच रेषेत सरळ बाहेर काढायचा. मग सलाइनने धुऊन, पातळ क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक. हे करायला अर्धा तास गेला आणि तो तसाच जायला हवा.

राणीच्या दुखण्यावर भावाने आपल्या पिशवीतली वेदनाशामक गोळी काढली होती. ती दिली गेली नाही, हे फार बरे झाले. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात. पशुवैद्याने दिलेले मेलॉक्सिकॅमसुद्धा अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडांना इजा करू शकते. आधी पाणी भरून काढायचे, लघवी फिकट होऊ द्यायची, मग औषधाचा विचार.

पाणी देतानाही घाई नको. लिटरभर एकदम पुढे ठेवले तर कुत्रा हपापून हवेसकट गिळतो आणि ओकतो, आणि मोठ्या छातीच्या कुत्र्यात पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. ब्रूनोला दर दहा मिनिटांनी साधारण १५० मिली दिले, थर्मासमधले गरम पाणी मिसळून कोमट केलेले. तासाभराने तो उठला. तोवर भाऊ जाऊन गाडी जवळच्या कच्च्या वाटेपर्यंत घेऊन आला होता. उरलेले अंतर पाचशे मीटर, तेवढे दोघेही हळू चालले. संध्याकाळपर्यंत ब्रूनोने अडीच लिटर प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ३०.७.

पुढचे तीन दिवस

चालणे सकाळी साडेआठ ते दहा आणि दुपारी चार ते साडेपाच, दर वेळी तीन किमीच्या आत. निघण्यापूर्वी तासभर आधी प्रत्येकाला कोमट पाणी, त्यात मीठ-कांदा-लसूण न घालता उकळलेले कोंबडीचे पाणी चार चमचे. राणी त्याशिवाय पीत नव्हती. वाटेत दर अर्ध्या तासाला ब्रूनोला २५० आणि राणीला १२० मिली, मागो न मागो. नकार दिला तर तिथेच बसायचे, प्यायल्यावर उठायचे. पाठीवर पाच लिटर.

रबरी बूट चारही पायांना, पण सलग तासाभराहून जास्त नाही. आत वाळू जाते, गाद्यांचा घाम साचतो आणि कातडी भिजून सोलवटते. काढल्यावर पंजे पुसून, सुकवून, बोटे फाकवून बघायचे. राणीच्या दुखऱ्या पायाला पहिला दिवस पूर्ण विश्रांती.

रात्री दोन्ही कुत्रे तंबूत, फोमच्या चटईवर, राणीच्या अंगात बाहेरून गुळगुळीत नायलॉनचे जाकीट. पाण्याचे भांडे आत. सकाळ-संध्याकाळ वजन, हिरड्या, लघवीचा रंग, एका वहीत. वजन तीन टक्क्यांनी उतरले की त्या दिवशीचे चालणे बंद, असा नियम ठरवला; तो एकदाही लागू करावा लागला नाही.

फुरसे हिवाळ्यात कमी हालचाल करते, पण दुपारच्या उबेला झुडपाच्या बुंध्याशी सापडू शकते. गोव्याच्या कातळावर ते आपल्या ओळखीचे आहे. वाळूत ते अंग पुरून बसते आणि दिसत नाही. म्हणून खिंप आणि केरच्या झुडपांत नाक घालू द्यायचे नाही. रुईच्या पानांपासूनही दूर, तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. जोधपूरच्या पशुरुग्णालयाचा पत्ता आणि ढाणीपासूनचा रस्ता कागदावर लिहून गाडीत चिकटवला होता, कारण टेकाडांमध्ये मोबाइलला रेंज टिकत नव्हती.

परतल्यावर

डिचोलीत पोचल्याच्या दिवशी दोघांना अंघोळ, कानांच्या आत, शेपटीखाली, बोटांमध्ये गोचिडीसाठी तपासणी, आणि पांघरुणे, हार्नेस, गाडीतले गालिचे बाहेर झटकून उन्हात. तीन आठवड्यांनी राणीच्या प्लेटलेट पुन्हा तपासायच्या, कारण वाटेत नवी गोचीड चिकटली असेल तर ते तेव्हाच कळते.

नवव्या दिवशी राणी त्याच उजव्या पंजाला सारखी चाटू लागली. बोटांमध्ये वाटाण्याएवढा लालसर फोड होता, दाबल्यावर पाणी सुटणारा. मोडलेला काटा आत राहून वरची कातडी मिटली होती. असा फोड घरी पिळायचा नाही. काटा आणखी खोल सरकतो आणि कधी दुसऱ्या बाजूने तोंड करतो. पशुवैद्याने जागा बधिर करून तीन मिलिमीटरचे टोक काढले आणि जखम उघडीच ठेवून आतून भरू दिली. पाच दिवस दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पंजा दहा मिनिटे बुडवायचा, नीट सुकवायचा, आणि चाटू नये म्हणून गळ्यात कोनाच्या आकाराची कॉलर. वाळूतून आलेल्या कुत्र्याचे पंजे निदान तीन आठवडे रोज, चांगल्या उजेडात, बोटे फाकवून बघावेत.